कॅमेरा कुठं उभा होता?

समुद्रावरची लढाई कॅमेऱ्यात पकडणं मुळातच अवघड. जमिनीवर खंदक असतो, टेकडी असते, पडकं घर असतं. नजरेला धरून ठेवायला काहीतरी असतं. समुद्रावर क्षितिजापर्यंत नुसतं पाणी, आणि त्या पाण्यापलीकडे कुठंतरी शत्रू. मे १९४२ मधल्या कोरल समुद्राच्या लढाईत तर इतिहासात पहिल्यांदाच असं घडलं, की एका आरमाराच्या जहाजांना दुसऱ्या आरमाराची जहाजं दिसलीच नाहीत. विमानं उडाली, बॉम्ब टाकून परतली, जहाजं बुडाली. पण जहाजानं जहाज पाहिलं नाही. पुढच्याच महिन्यात मिडवेला तेच झालं. अशा लढाईचं चित्रण करायला निघालेल्या माणसानं कॅमेरा लावायचा कुठं?

दुसऱ्या महायुद्धातले नौदलाचे माहितीपट आज घरबसल्या पाहायला मिळतात. बहुतेक तासाभराचे किंवा त्याहून लहान. धीरगंभीर निवेदन, वाद्यवृंद, तोफांचा भडिमार, शेवटी फडकणारा झेंडा. ते बनले प्रचारासाठी, आणि त्यात लपवण्यासारखंही काही नव्हतं. सरकारांनी पैसे दिले होते, सरकारांना विजयाची उभारी हवी होती. मग ऐंशी वर्षांनंतर त्यांचं काय करायचं? निवेदकाचा आवाज बाजूला ठेवून प्रत्येक दृश्याला एकच प्रश्न विचारला तर हे चित्रपट आजही फार मोठं साधन आहेत, असं माझं ठाम मत आहे. प्रश्न हा, की हे दृश्य टिपलं गेलं तेव्हा कॅमेरा कुठं उभा होता, आणि तिथं तो खरोखर उभा राहू शकला असता का?

जॉन फोर्डला या प्रश्नाचं उत्तर ४ जून १९४२ च्या सकाळी द्यावं लागलं. तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ आणि ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’ या चित्रपटांसाठी त्यानं लागोपाठ दोन वर्षांचं दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवलं होतं. आता तो नौदलाच्या राखीव दलात कमांडर होता आणि अमेरिकेच्या नव्या गुप्तचर संघटनेची चित्रण शाखा सांभाळत होता. मिडवे हे पॅसिफिकच्या मध्यावरचं प्रवाळबेट. त्यातल्या सँड बेटावर वीजघर होतं, आणि त्याच्या छतावरून चौफेर दिसत असे. फोर्डनं तिथं ठाण मांडलं. हातात १६ मिलिमीटरचा कॅमेरा, शेजारी टेलिफोन. येणाऱ्या विमानांची खबर खाली द्यायची आणि जमेल तेवढं चित्रण करायचं. सोबत जॅक मॅकेंझी हा तरुण कॅमेरामन. साडेसहाच्या सुमारास शंभरावर जपानी विमानं बेटावर आली. बेट निकामी करायचं तर वीजघर उडवायला हवं, हे हल्लेखोरांनाही ठाऊक होतं. स्फोटाच्या तडाख्यानं फोर्ड काही क्षण बेशुद्ध पडला, त्याच्या दंडात लोखंडाचे तुकडे घुसले. शुद्धीवर आल्यावर त्यानं चित्रण पुढं चालू ठेवलं.

‘द बॅटल ऑफ मिडवे’ हा त्यातून झालेला १८ मिनिटांचा रंगीत चित्रपट. त्यातल्या एका जागी पडद्यावरचं चित्र एकाएकी उडी घेतं. स्फोटाच्या हादऱ्यानं कॅमेऱ्यातली फिल्म दातेरी चाकावरून निसटली. दोन चौकटींमधली काळी रेघ दिसते आणि पुन्हा सगळं जागेवर येतं. कोणत्याही स्टुडिओत हा तुकडा कापून फेकला गेला असता. फोर्डनं तो ठेवला. पुढं काल्पनिक युद्धपटांनी अशी थरथर मुद्दाम आणायला सुरुवात केली, त्यामुळे आजच्या प्रेक्षकाला तिचं अप्रूप वाटत नाही. पण इथं ती कुणी रचलेली नाही. बॉम्ब किती जवळ पडला याची ती यंत्रानं आपण होऊन ठेवलेली नोंद आहे.

आता त्याच चित्रपटाला आपला प्रश्न विचारून पाहू. मिडवेची लढाई निकाली निघाली ती त्या बेटावर नव्हे. सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास, बेटापासून शंभराहून अधिक मैलांवर, अमेरिकन सूर मारणाऱ्या बॉम्बफेकी विमानांनी काही मिनिटांत ‘आकागी’, ‘कागा’ आणि ‘सोर्यू’ या तीन विमानवाहू जहाजांना आगी लावल्या. चौथ्या ‘हिर्यू’ची पाळी संध्याकाळी आली. पॅसिफिकमधलं युद्ध जिथं फिरलं ती ही घटिका. तिच्यातलं काहीही फोर्डच्या चित्रपटात नाही. असणं शक्यच नव्हतं, कारण त्याचा कॅमेरा वीजघराच्या छतावर होता. ‘हॉर्नेट’ या अमेरिकन विमानवाहू जहाजावर त्याच्या पथकातला केनेथ पियर होता. त्यानं घेतलेली उड्डाणांची आणि डेकवरच्या लगबगीची दृश्यं फोर्डच्या चित्रणात गुंफली, आणि १९४२ च्या प्रेक्षकाला वाटलं की आपण सगळी लढाई पाहिली. प्रत्यक्षात त्यानं पाहिलं ते एका बेटानं मार कसा खाल्ला ते.

निवेदनही वेगळ्या घाटाचं. अधिकारवाणीच्या एका आवाजाऐवजी चार आवाज, त्यांत हेन्री फोंडा आणि जेन डारवेल. ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये डारवेलनं आईचं काम केलं होतं, अमेरिकन प्रेक्षकाला तो आवाज ऐकताच आई आठवे. इथंही ती पडद्यावरच्या पोरांना ओळखते, त्यांच्याविषयी काळजीनं बोलते. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चित्रपट पाहिल्यावर देशातल्या प्रत्येक आईनं तो पाहावा अशी इच्छा बोलून दाखवली, असं सांगतात. त्यामागे आणखी एक गोष्ट होती. संकलक रॉबर्ट पॅरिश यानं पुढं आपल्या आठवणींत लिहिलं, की फोर्डनं अगदी शेवटी एक छोटा तुकडा आणून चित्रपटात जोडायला लावला. त्या तुकड्यात मरीन दलातला मेजर जेम्स रूझवेल्ट होता, अध्यक्षांचा मुलगा. बापाला मुलगा दिसला आणि चित्रपटाचा मार्ग मोकळा झाला. अखेरच्या पाट्यांवर शत्रूच्या हानीचे आकडे येतात. चार विमानवाहू जहाजं हा आकडा खरा, बाकीचे फुगलेले. त्या चारांखेरीज जपाननं या लढाईत गमावलेलं मोठं जहाज म्हणजे ‘मिकुमा’ ही एकच क्रूझर. अमेरिकेनं ‘यॉर्कटाउन’ गमावलं होतं.

एवढं सगळं कळल्यावर चित्रपट खोटा ठरतो का? मला तसं वाटत नाही. आकडे चुकीचे, मांडणी भावुक, अध्यक्षांच्या मुलाचा तुकडा हिशेबी. पण विमानविरोधी तोफेमागचा तरुण, जळणाऱ्या तेलाच्या टाक्यांचा बेटभर पसरलेला काळा धूर, उद्ध्वस्त इस्पितळ, मृतांना समुद्रात सोडायला निघालेल्या छोट्या टॉर्पेडो बोटी, आणि या सगळ्याकडे ढुंकूनही न पाहता वाळूत बसलेले अल्बट्रॉस पक्षी, हे सगळं त्या दिवसांत त्या बेटावर होतं. बेटावरच्या लोकांना लढाई कशी दिसली याचा याहून चांगला पुरावा नाही.

त्याच चित्रणातून फोर्डनं आणखी एक चित्रपट बनवला, आणि तो चित्रपटगृहांसाठी नव्हता. ‘हॉर्नेट’वरच्या आठव्या टॉर्पेडो पथकाची १५ विमानं जॉन वॉल्ड्रन यांच्या नेतृत्वाखाली सोबतीला लढाऊ विमानं नसताना जपानी आरमारावर चालून गेली. पंधराही पडली. तीस वैमानिक आणि तोफचींपैकी जॉर्ज गे हा एकटाच वाचला. लढाईपूर्वी पियरच्या कॅमेऱ्यासमोर या जोड्या आपापल्या विमानाशेजारी उभ्या राहिल्या होत्या. कुणी हसतंय, कुणी उन्हामुळे डोळे बारीक केलेत, कुणाला हात कुठं ठेवावेत ते कळत नाहीये. फोर्डनं हे तुकडे जोडून सुमारे आठ मिनिटांचा चित्रपट केला आणि घरच्या लहान प्रोजेक्टरवर लावता येतील अशा ८ मिलिमीटरच्या प्रती त्या कुटुंबांकडे पोचवल्या. युद्धपटांवरच्या चर्चेत याचं नाव फारसं येत नाही. मला तो फोर्डच्या पुरस्कार मिळालेल्या कामाइतकाच मोलाचा वाटतो. इथं कॅमेरा कुठं उभा होता हे सांगावंच लागत नाही. तो त्या पोरांच्या समोर, चार हातांवर होता, आणि ते त्याच्याकडे पाहत होते.

पर्ल हार्बरचं चित्रण मात्र याच्या अगदी उलट टोकाचं. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी बंदरात कॅमेरे होते, पण फार थोडे. हल्ला कुणाच्याच ध्यानीमनी नव्हता. ‘ॲरिझोना’ युद्धनौकेचा स्फोट, ज्यात १,१७७ माणसं गेली, तो ‘सोलेस’ या इस्पितळ-जहाजावरच्या एका डॉक्टरच्या हौशी कॅमेऱ्यात सापडला. काही सेकंदांचं ते चित्रण. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला तेवढं पुरणार कसं? फोर्डच्या शाखेतला ग्रेग टोलंड, म्हणजे ‘सिटिझन केन’चा छायाचित्रकार, याच्याकडे पर्ल हार्बरवरचा ‘डिसेंबर सेव्हन्थ’ हा चित्रपट सोपवला होता. त्यानं हल्ल्याची दृश्यं हॉलिवूडमध्ये उभी केली. जहाजांच्या लहान प्रतिकृती, स्टुडिओतलं पाणी, तारांवरची विमानं, धावताना कोसळणारे नट. ८२ मिनिटांची मूळ आवृत्ती नौदलातल्या वरिष्ठांना आवडली नाही. नौदल गाफील राहिलं हे तिच्यात उघड दिसत होतं, आणि हवाईतल्या जपानी वंशाच्या रहिवाशांवर तिनं सरसकट संशय घेतला होता. ती दडपली गेली. ३४ मिनिटांची कापलेली आवृत्ती १९४३ मध्ये आली आणि तिला लघु माहितीपटाचं ऑस्कर मिळालं.

याच सुमारास जपानमध्ये तोहो कंपनीनं ‘हवाई-मलाया समुद्रयुद्ध’ हा भव्य चित्रपट केला. दिग्दर्शक काजिरो यामामोतो, चमत्कृतिदृश्यं एइजी त्सुबुराया यांची. हेच त्सुबुराया पुढं १९५४ मध्ये ‘गॉडझिला’ घडवणार होते. त्यांनी पर्ल हार्बर बंदराची मोठी प्रतिकृती उभारली आणि हल्ल्याच्या पहिल्या वर्षदिनाच्या सुमारास चित्रपट पडद्यावर आला. युद्धानंतर जपानवर ताबा असलेल्या अमेरिकनांना त्यातली काही दृश्यं खरीच वाटली, असं सांगितलं जातं. म्हणजे एकाच बंदराच्या दोन प्रतिकृती, पॅसिफिकच्या दोन काठांवर जवळपास एकाच वेळी बांधलेल्या, आणि दोन्हींतली दृश्यं पुढच्या दशकांत खऱ्या चित्रणात मिसळत गेली. टोलंडच्या स्टुडिओत गोळ्या लागून पडणारा खलाशी आजवर कितीतरी माहितीपटांत पर्ल हार्बरचा प्रत्यक्ष पुरावा म्हणून दाखवला गेला आहे.

हे ओळखायचे मार्ग आहेत. प्रतिकृती कितीही कसबी हातांनी बनवा, पाण्याचा थेंब आणि ज्वाळेची जीभ लहान करता येत नाही. बोटाएवढ्या जहाजाशेजारी उडणारं पाणी मोठमोठ्या थेंबांत फुटतं. खरा शिंतोडा शेकडो फूट वर जातो, धुक्यासारखा विरतो आणि सावकाश खाली येतो. दुसरी खूण कॅमेऱ्याच्या जागेची. गोळ्यांचा वर्षाव होत असताना पळणाऱ्या खलाशाच्या समोर, जमिनीलगत, स्थिर तिवईवर कॅमेरा लावून कोण बसलं असेल? हल्ला येणार हे ठाऊक असलेलाच माणूस. आणि दृश्य नीटनेटकं असेल, महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या बरोबर मधोमध घडत असेल, पडणारा माणूस ठरल्या जागीच पडत असेल, तर तिथं थांबून पुन्हा पाहावं. खऱ्या चित्रणात महत्त्वाचं बहुधा चौकटीच्या कडेला घडतं, किंवा कॅमेरा वळेपर्यंत घडून गेलेलं असतं.

भर समुद्रात युद्धनौका बुडतानाचं चलच्चित्रण फार दुर्मीळ. पहिल्या महायुद्धातलं एक आहे: १० जून १९१८ ला ॲड्रिॲटिकमध्ये इटलीच्या एका छोट्या टॉर्पेडो बोटीनं ऑस्ट्रिया-हंगेरीची ‘सेंट इश्तवान’ बुडवली, आणि तिच्याच जातीच्या ‘तेगेटहॉफ’वरून ते टिपलं गेलं. दुसरं २५ नोव्हेंबर १९४१ चं, इजिप्तच्या किनाऱ्यापलीकडे भूमध्य समुद्रातलं.

त्या दुपारी ब्रिटिशांच्या तीन युद्धनौका ओळीनं चालल्या होत्या. जर्मन पाणबुडी यू-३३१ संरक्षक विनाशिकांची फळी चुकवून आत घुसली आणि तिचे तीन टॉर्पेडो ‘बारहॅम’वर आदळले. मागून येणाऱ्या ‘व्हॅलियंट’वर गोमाँ-ब्रिटिश वृत्तपट कंपनीचा जॉन टर्नर कॅमेरा घेऊन उभा होता. त्यानं टिपलेलं पाहताना आजही श्वास अडकतो. प्रचंड जहाज डावीकडे कलत जातं. माणसं वर आलेल्या बाजूवरून, जहाजाच्या पोटावरून, मुंग्यांसारखी सरकताना दिसतात. मग दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होतो आणि धुराचा ढग सगळं गिळून टाकतो. टॉर्पेडो लागल्यापासून चार-पाच मिनिटांत सगळं संपलं. ८६२ माणसं गेली.

इथं कॅमेऱ्याच्या जागेबद्दल शंकेला वावच नाही. जे जहाज स्वतः त्याच पाणबुडीच्या टप्प्यात होतं त्याच्या डेकवर तो होता. म्हणूनच हे चित्रण चौकशीच्या कामी येण्यासारखं आहे. जहाज किती अंशांनी कललं, किती वेळात, स्फोट कोणत्या भागातून वर आला, हे साक्षीदारांच्या आठवणींपेक्षा फिल्मवर नेमकं दिसतं. चौकशी मंडळानं त्या शेवटच्या स्फोटाचं मूळ विमानविरोधी तोफांच्या चार इंची दारूगोळ्यात शोधलं. तिथून आग मोठ्या कोठारांपर्यंत पोचली.

पण लोकांना हे दिसायला युद्ध संपावं लागलं. जर्मनांना आपण नेमकं काय बुडवलं याची खात्री नव्हती, म्हणून ब्रिटिश नौदल खात्यानं बातमीच दाबली. मृतांच्या कुटुंबांना कळवलं, आणि ते कुणाला सांगू नका अशी विनंती केली. जाहीर घोषणा झाली जानेवारी १९४२ च्या अखेरीस. याच काळात हेलन डंकन नावाच्या एका बाईनं पोर्ट्समथमध्ये मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकीत ‘बारहॅम’च्या मृत खलाशाचं दर्शन घडवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. १९४४ मध्ये तिला १७३५ च्या चेटूकविरोधी कायद्याखाली तुरुंगात टाकलं. हजारभर घरांत माहीत असलेलं गुपित किती गुपित राहतं, हे समजायला आत्म्यांची गरज नाही.

गुपिताच्या पेटीतून बाहेर आल्यावर मात्र या फिल्मची दुसरी दुर्दशा झाली. बुडणाऱ्या युद्धनौकेचं इतकं स्पष्ट चित्रण दुसरं नसल्यानं ते कुठंही वापरलं जाऊ लागलं. १९५६ च्या ‘अर्थ व्हर्सस द फ्लाइंग सॉसर्स’ या कल्पनापटात परग्रहावरच्या तबकड्या हेच जहाज उडवतात. माहितीपटांतही ते ‘हूड’ म्हणून दिसतं. २४ मे १९४१ ला ‘बिस्मार्क’शी लढताना फुटलेल्या त्या युद्धनौकेवरच्या चौदाशेहून अधिक माणसांपैकी तीन वाचली, तिच्या स्फोटाचं जवळून घेतलेलं चित्रण अस्तित्वातच नाही. म्हणून ‘हूड’ फुटताना कुणी जवळून दाखवलं तर ते ‘बारहॅम’ असण्याचीच शक्यता फार. याचा मला खरोखर राग येतो. त्या कललेल्या पोटावरून सरकणारी माणसं विशिष्ट माणसं होती, त्यांची नावं आहेत. त्यांचा मृत्यू दुसऱ्या जहाजाच्या, दुसऱ्या दिवसाच्या किंवा तबकड्यांच्या गोष्टीला जोडणं ही त्यांची विटंबना आहे.

सरमिसळीला मोठा हातभार लागला तो टेलिव्हिजनचा. एनबीसीची ‘व्हिक्टरी ॲट सी’ ही २६ भागांची मालिका १९५२-५३ मध्ये अमेरिकेत घराघरांत पोचली. हेन्री सॉलोमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६ कोटी फूट फिल्म चाळून त्यातली साठ-एकसष्ट हजार फूट वापरली. काम अफाट, संगीत रिचर्ड रॉजर्सचं. पण एका लढाईचं विमान दुसऱ्या लढाईच्या जहाजाजवळ जोडण्याची सवय इथं रूढ झाली, आणि पुढच्यांनी मूळ रिळांऐवजी या मालिकेतलेच तुकडे उचलले.

‘द फायटिंग लेडी’ या १९४४ च्या चित्रपटात कॅमेऱ्याच्या जागेचा प्रश्न यंत्रानंच सोडवला. त्याची जबाबदारी होती एडवर्ड स्टायकन यांच्यावर. फॅशन आणि व्यक्तिचित्रांसाठी जगभर गाजलेला हा छायाचित्रकार साठी उलटल्यावर नौदलात दाखल झाला होता. विषय एका विमानवाहू जहाजाचा. गुप्ततेसाठी नाव सांगितलेलं नाही, पण ते होतं नवं ‘यॉर्कटाउन’, मिडवेला बुडालेल्या जहाजाचंच नाव दिलेलं. त्यावरच्या लढाऊ विमानांत मशीनगनला जोडलेला छोटा कॅमेरा असे. वैमानिकानं घोडा दाबला की बंदूक सुरू, बंदूक सुरू की कॅमेरा सुरू. त्यामुळे या दृश्यांत कुणाची निवड नाही, कुणाचं मत नाही. समोर शत्रूचं विमान, गोळ्यांच्या रेघा, मग रंगीत फिल्मवर फुलणारी केशरी आग. वैमानिकाचे दावे पडताळायला हेच चित्रण कामी येई, कारण लढाईच्या धुमश्चक्रीत एकच विमान तिघांनी पाडल्याचं तिघांनाही प्रामाणिकपणे वाटे.

मला मात्र या चित्रपटातला दुसराच भाग अधिक मोलाचा वाटतो. डेकवर रंगीत सदरे घातलेली माणसं, कुणाचं काम विमान ढकलणं, कुणाचं इंधन भरणं, कुणाचं खुणांनी उड्डाण सोडणं. पंख दुमडलेली विमानं दाटीवाटीनं कशी लावत, खालच्या मजल्यावर स्वयंपाक, न्हावी, कपडे धुणं कसं चाले. निवेदक तिकडे सहज जाता जाता बोलतो, कारण १९४४ च्या प्रेक्षकाला लढाई हवी होती. आज विमानं पूर्ववत करणाऱ्या संग्रहालयांना, नौदलाच्या दैनंदिन जीवनाचा अभ्यास करणाऱ्यांना हीच मिनिटं लागतात. ते जहाज आज अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्सटन बंदरात संग्रहालय म्हणून उभं आहे. त्याच्या डेकवर चालून मग हा चित्रपट पाहिला, की कॅमेऱ्याच्या जागा बोट ठेवून दाखवता येतात.

ब्रिटिशांनी अटलांटिकच्या लढाईवर केलेला ‘वेस्टर्न ॲप्रोचेस’ही १९४४ मध्येच आला. पॅट जॅक्सन दिग्दर्शक, जॅक कार्डिफ छायाचित्रकार. यात नट नाहीत. लाइफबोटीत अडकलेल्या खलाशांची कामं खऱ्या व्यापारी खलाशांनी केली. त्या काळचा टेक्निकलर कॅमेरा एखाद्या कपाटाएवढा. तो लाइफबोटीत चढवून आयरिश समुद्रात महिनोन् महिने काम चाललं, आणि कार्डिफ उलट्यांनी हैराण झाला. गोष्ट रचलेली, पण ती जगलेली माणसं समोर; लाट खरी, भिजलेली लोकर खरी, बोलण्याचा ढंग खरा. मी याला प्रतिकृतींच्या पर्ल हार्बरबरोबर बसवणार नाही. इथं प्रेक्षकाला फसवलेलं नाही.

तरीही याही चित्रपटाला प्रश्न विचारायला हवा, आणि तो आपल्या बाजूनं. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो भारतीय खलाशी होते. डेकवर रत्नागिरी-कोकणातले, मुदपाकखान्यात आणि जेवणघरात गोव्याचे, इंजिनखोलीत सिल्हेट आणि पंजाबचे. टॉर्पेडो लागला की सगळ्यात आधी पाणी शिरे ते इंजिनखोलीत. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या सुमारे सहा हजार भारतीय व्यापारी खलाशांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात जपलेल्या स्मृतिग्रंथात आहेत. अटलांटिकच्या युद्धपटांत त्यांचे चेहरे शोधावे लागतात, आणि फार थोडे सापडतात. कॅमेरा जिथं गेला नाही ती जागाही पुराव्याचाच भाग आहे. इंजिनखोलीच्या जिन्यावरून खाली तो फारसा उतरला नाही.

या सगळ्यासाठी मूळ रिळं हवीत. त्या काळच्या ३५ मिलिमीटरच्या बहुतेक फिल्म नायट्रेटच्या; त्या आपोआप कुजतात, पिवळ्या पडतात, चिकटतात आणि पेट घेतात. १६ मिलिमीटरची कोडॅक्रोम फिल्म अंधारात, थंड जागी ठेवली तर रंग दशकानुदशकं टिकवून धरते. फोर्डचं मिडवे तिच्यावरच चित्रित झालं होतं. तयार चित्रपटापेक्षा संकलनात गाळलेले तुकडे अनेकदा अधिक बोलतात, कारण त्यांत सलगता असते: कॅमेरा कधी सुरू झाला, कुठं वळला, कधी बंद पडला. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमनं पहिल्या महायुद्धानंतर लगेच युद्धाच्या फिल्म जमवायला सुरुवात केली. तिथल्या खजिन्यात एका जर्मन पाणबुडीनं १९१७ मध्ये भूमध्य समुद्रात व्यापारी जहाजं बुडवतानाचं, जर्मनांनीच केलेलं चित्रणही आहे. ते पराक्रमाचा गौरव म्हणून बनलं. ब्रिटिशांनी आपल्या पाट्या लावून तेच शत्रूच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून दाखवलं. दृश्य तेच राहिलं. रिळ जपलेलं असल्यामुळे आज दोन्ही पाट्या बाजूला सारून ते पाहता येतं.

युद्धातल्या नौदल-चित्रणांपैकी सगळ्यात थेट उपयोग मात्र महायुद्धातल्या कुठल्याच चित्रपटाचा झालेला नाही. २९ जुलै १९६७ ला, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, टोंकिनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या अमेरिकन विमानवाहू जहाजावर विजेच्या दोषानं एका विमानातून रॉकेट सुटलं आणि समोरच्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळलं. या जहाजावर विमानं उतरताना नोंद ठेवण्यासाठी कॅमेरे कायमचे बसवलेले होते. कुणी दिग्दर्शक नाही, निवेदक नाही. यंत्र डेककडे पाहत राहिलं. त्यात दिसतं: जळतं इंधन पसरतंय, आणि मुख्य अग्निशमन अधिकारी जेराल्ड फॅरियर हातात आग विझवायचं एक यंत्र घेऊन, अंगावर संरक्षक पोशाख नसताना, आगीत तापणाऱ्या बॉम्बकडे धावतोय. बॉम्ब जुने होते, उष्णतेला लवकर बळी पडणारे. आग लागल्यापासून दीडेक मिनिटात पहिला फुटला आणि आग विझवायचं शिक्षण घेतलेलं पथक जवळपास संपूर्ण मारलं गेलं. मग पाइप हातात घेतले ते कधी आग विझवायला न शिकलेल्या माणसांनी. एकीकडून फेस टाकला जातोय आणि दुसरीकडून पाण्याचा फवारा तोच फेस वाहून नेतोय, हेही त्यात स्पष्ट दिसतं. १३४ माणसं गेली.

अमेरिकन नौदलानं ही फिल्म दडवली नाही. तिच्यावरून शिक्षणपट तयार केले, आणि पुढच्या काही दशकांत भरती झालेल्या खलाशांना ते दाखवले. आग विझवणं हे निवडक पथकाचं काम न राहता प्रत्येक खलाशाला शिकणं सक्तीचं झालं, बॉम्बना उष्णतारोधक थर देणं सुरू झालं, डेकवर दुरून सुरू करता येणारी फवारणीची व्यवस्था बसली. व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथं खलाशांना आगीशी लढायला शिकवणाऱ्या शाळेला फॅरियरचं नाव दिलेलं आहे.